नऊ कात्रणं

सहादेवनं गेल्या एकोणीस वर्षांत एकही पेपर नीट वाचलेला नाही, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. कारण रोज सकाळी साडेसातला माळीवाडा स्टँडवरून नऊ पेपरांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला लावून हा माणूस कचेरीत येतो आणि शिपायानं कुलूप काढायच्या आत पायरीवर बसून पानं चाळायला लागतो. पण चाळणं वेगळं आणि वाचणं वेगळं. भाजीवाली दिवसभर भाजी हाताळते, म्हणून काही ती दिवसभर जेवत नसते.

सरकारची बातमी पेपरांकडे पोचवायची आणि पेपरांतली सरकारकडे, असं दुहेरी काम करणारी ती कचेरी. तिचं नाव घेऊन काय करायचंय? अशा कचेऱ्या गावोगाव असतात. सहादेव तिथं ठेकेदारामार्फत लागलेला. दर जानेवारीत त्याची मुदत संपते, दर जानेवारीत ती वाढवून मिळते, आणि दर डिसेंबरात तो जरा जास्तच वाकून चालतो. काम असं की सरकारशी संबंध असलेली प्रत्येक बातमी कापायची, कोऱ्या कागदावर डकवायची, वर पेपरचं नाव, तारीख, पान यांचा शिक्का मारायचा आणि डाव्या कडेला रेघ ओढायची. बातमी सरकारच्या बाजूची असली की हिरवी. विरोधातली असली की लाल. ना इकडची ना तिकडची, म्हणजे हरिनाम सप्ताह, अपघात, कांद्याचे भाव, ती निळी. दहा वाजता फाईल साहेबांच्या टेबलावर. हल्ली फोटो काढून ग्रुपवरही टाकावे लागतात, पण साहेबांना फाईल हातात लागते. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा शिक्का नवा आला, 'अहिल्यानगर' असा. बाकी काही बदललं नाही.

संध्याकाळी उलटं काम. खात्याखात्यांकडून आलेल्या मजकुराच्या बातम्या टाइप करायच्या आणि पेपरांना पाठवायच्या. त्याच बातम्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पेपरांत छापून येत, शब्दाला शब्द. सहादेव त्या कापून त्यांना हिरवी रेघ ओढत असे. आपणच रात्रीचं वाढायचं आणि सकाळी आपणच 'काय छान झालंय' म्हणायचं, असला हा कारभार. पहिली दोन-तीन वर्षं त्याला याचं हसू येई. मग ते यायचं थांबलं. कधी थांबलं, हे त्याला सांगता यायचं नाही.

महिनाअखेरीला तक्ता निघे. कुठल्या पेपरात किती हिरव्या, किती लाल. या तक्त्यावरून कुणी कुणाला धमकावत नसे हं, असा आरोप कुणी करू नये. साहेब फक्त फोन लावत, घरची खुशाली विचारत आणि शेवटी हसत म्हणत, "तुमच्याकडे हल्ली लाल फार दिसतंय हो." पलीकडचे संपादकही हसत. सरकारी जाहिरातींची यादी पुढच्याच आठवड्यात लागायची असे. मग पुढच्या महिन्यात रेघांचा रंग पालटे. एवढं साधं, एवढं सभ्य काम होतं ते. आरडाओरड नाही, काही नाही.

एकदा सहादेवच्या हातून चूक झाली होती. वृक्षारोपणाच्या बातमीत एक हजार झाडांच्या जागी त्यानं दहा हजार टाइप केलं. सकाळी नऊच्या नऊ पेपरांत दहा हजार. तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "राहू दे. आता आलंय." पुढच्या वर्षीच्या अहवालात दहा हजारच आले आणि पुरावा म्हणून कात्रणं जोडली गेली. त्यावर सहादेवचेच शिक्के होते. ती झाडं कुठं आहेत, हे बघायला कुणी गेलं नाही. तोही गेला नाही.

मूळचा तो पाथर्डीच्या पूर्वेकडचा, डोंगराच्या अंगाला असलेल्या बोरखिळ्याचा. आईबाप ऊस तोडायला जायचे, दसरा झाला की ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी आणि पोरं. बापानं उसात कोयता चालवला, ह्यानं पेपरात कात्री, एवढाच काय तो फरक. वाचायला तो फडावरच शिकला. कारखान्याच्या दुकानातून मिरची-हळद यायची ती पेपरच्या पुड्यांत. आई पुडी सोडी आणि सहादेव तो तेलकट कागद गुडघ्यावर सपाट करी. अर्ध्या बातम्या, फाटलेले मथळे. पण त्या पोराला वाटे, इथं छापलंय म्हणजे कुठंतरी हे नक्की घडलंय. पुढे शाळा अर्धीमुर्धी करत दहावी झाली, नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काही वर्षं गेली, टायपिंग शिकला आणि मग ही कचेरी. गावाकडे मात्र त्याची पत वेगळीच. "आमचा सहादेव पेपरात हाय," असं लोक सांगत. पेपरात म्हणजे नक्की कुठं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

त्याची धाकटी बहीण राहीबाई गावातच दिलेली. ती आणि तिचा नवरा राम दर वर्षी कोल्हापूरकडे तोडीला जात. त्यांची एकुलती एक मुलगी दिशा, नऊ वर्षांची, चौथीत. गेली तीन वर्षं ती आईबापाबरोबर फडावर जाई आणि सहा महिन्यांची शाळा बुडे. यंदा राहीबाईच्या मनानं घेतलं होतं की पोरीला मागं ठेवायचं. पण ठेवायचं कुणाच्या भरवशावर? घरात एकटी सासू, झुंबरबाई. तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसे. उंबरा ओलांडताना ती आधी हातानं चाचपून घेई.

"आपल्याकडं आणू तिला," सहादेवची बायको मालनबाई दिवाळीच्या आधीच म्हणाली होती. नागापूरला त्यांची भाड्याची खोली, पोरबाळ नाही. "हितल्या शाळंत घालू. मला बी सोबत हुईल."

"बघू," सहादेव म्हणाला.

त्याच आठवड्यात संध्याकाळी टाइप करायला एक कागद आला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावागावांत हंगामी वसतिगृहं काढायची, पोरांना दोन्ही वेळचं जेवण शाळेत द्यायचं, म्हणजे ती गावातच राहतील. खात्याच्या कागदात होतं, वसतिगृहं सुरू करण्याचे आदेश देण्यात आले आहेत. सोबत बासष्ट गावांची यादी. साहेबांनी मथळा वाचला आणि पेन्सिलीनं आदेशबिदेश खोडलं.

"आदेश निघाला म्हणजे सुरूच झाली की," ते म्हणाले. "सुटसुटीत करा."

सहादेवनं सुटसुटीत केलं. 'जिल्ह्यात बासष्ट गावांत हंगामी वसतिगृहे सुरू. ऊसतोड मजुरांच्या मुलांची सोय.' पाठवून तो घरी गेला.

सकाळी पायरीवर बसून त्यानं गठ्ठा सोडला. नऊ पेपरांत बातमी होती, त्यातल्या दोनांत पहिल्या पानावर. एकानं तर सगळी यादी छापली होती. यादीवरून बोट फिरवता फिरवता सदतिसाव्या नावाला ते थांबलं. बोरखिळा. आपल्या गावाचं नाव पेपरात. त्याला एकदम उकळी फुटल्यासारखा आनंद झाला. काल संध्याकाळी हेच नाव आपण स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. किंवा आलं असेल, पण छापून आलेल्या अक्षरांपुढे त्याचं काही चाललं नाही. एकोणीस वर्षं ज्यानं पीठ दळलं, त्यालाच ही भूल पडावी. दुसऱ्या कुणाला पडली असती तर आपण समजू शकलो असतो. फडावर तेलकट पुडी वाचणारं पोर त्या दिवशी त्याच्यात जागं झालं, असं फार तर म्हणता येईल.

त्यानं तिथूनच राहीबाईला फोन लावला.

"राहे, सोड दिशाला घरीच. वसतिगृह सुरू झालंय आपल्या गावात."

"खरंच का दादा? हितं तर काय दिसंना अजून. गुरुजी बी काय बोलले न्हाईत."

"अगं पेपरात आलंय. एका न्हाई, नऊ पेपरात आलंय."

मग ती हसली. "मंग झालंच की. तू म्हनतोस म्हंजी काय इषयच न्हाई. दोन येळचं जेवान मिळालं की झालं, रातीला म्हातारीजवळ निजल."

त्यानं फोन ठेवला, नऊ कात्रणं कापली, नऊ हिरव्या रेघा ओढल्या. संध्याकाळी मालनबाईनं पुन्हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "कशाला? घराशेजारी सोय झालीय तिची." चौथ्या दिवशी टोळीचा ट्रक आला. राम आणि राहीबाई गेले. दिशा राहिली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. थंडी पडली होती, शिपाई उशिरा आला. सहादेव चाळत होता, कापत होता. 'डोंगरकडा' नावाचं एक छोटं पत्र होतं, पाथर्डीकडून निघणारं. त्याचा वार्ताहर कल्याण हा किराणा दुकान चालवून बातम्या पाठवी. पाचव्या पानावर तळाला त्याची बातमी होती. 'वसतिगृह कागदावरच. स्वयंपाक करताना नऊ वर्षांची मुलगी भाजली.' सहादेवनं ती कापली, डकवली, शिक्का मारला, लाल रेघ ओढली. पुढची घेतली. रस्त्याच्या भूमिपूजनाची, हिरवी. पुढची अपघाताची, निळी. पुढची पुन्हा हिरवी. पाचवी बातमी कापताना कात्री अर्ध्यावर थांबली आणि त्यानं मागची पानं उलटली.

बोरखिळा. दिशा राम.

त्याला रडू आलं नाही, घाम फुटला नाही, काहीच झालं नाही. फक्त इतकंच वाटलं की आपण तिला लाल रेघ ओढली आणि तिचं नाव वाचलंसुद्धा नाही. मग त्यानं पाचवी बातमी पुरी कापली, कारण ती अर्धी लोंबत होती.

घडलं होतं ते असं. वसतिगृह सुरू झालंच नव्हतं. गुरुजी म्हणत, वरून काही आलं नाही. दिशा रोज ताट घेऊन शाळेत जाई. दुपारची खिचडी सगळ्या पोरांना मिळायची तेवढी मिळे. संध्याकाळचा स्वयंपाक पोरगी स्वतः करी. चुलीवर, आजीला विचारून विचारून. आईला फोनवर तिनं सांगितलं नाही, कारण आई तोड सोडून आली तर मुकादम बोलेल, हे त्या नऊ वर्षांच्या जिवाला कळत होतं. सव्वा महिना असा गेला. मग एका संध्याकाळी भाताचं पातेलं उतरवताना फडकं सरकलं आणि उकळती पेज उजव्या हातावर आली, कोपरापासून बोटांपर्यंत.

दुपारी तो सरकारी दवाखान्यात गेला. गाववाल्यांनी तिला नगरलाच आणलं होतं. तो कचेरीत गेल्यावर घरी गावाकडून फोन आला होता, तशी मालनबाई आधीच येऊन बसलेली. त्याच्याकडे न बघता ती दिशाची चादर नीट करत राहिली. दिशाचा हात पांढऱ्या पट्टीत, उशीवर वेगळा ठेवलेला.

"मामा, भाकरी जमती मला," ती म्हणाली. "भातच जड हुता." आणि थोड्या वेळानं, "शाळंत जेवन कवा सुरू हुनार हाय, मामा? आजी रोज इचारती. मी सांगते, पेपरात आलंय, म्हंजी हुईलच."

सहादेव म्हणाला, "हुईल."

दुसऱ्या दिवशी राहीबाई आली. अंगावर तोडीचीच साडी, पायाला उसाच्या पाचटानं कापलेलं. मुकादमानं चार दिवस दिले होते. पोरीजवळ ती बसून राहिली, मग व्हरांड्यात भावाकडे आली. सहादेवला वाटलं, आता ही आपल्याला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. त्याची तयारी होती.

ती म्हणाली, "दादा, मानसं मला नावं ठिवायलेत. आंधळ्या म्हातारीच्या गळ्यात पोर टाकून गेली म्हनत्यात. सासरचं गोत तर बगंना झालंय माझ्याकडं. तू पेपरात हायीस. एवढं लिव की, वसतिगृह हुनार हुतं म्हनून ठिवली हुती, न्हाईतर नसती ठिवली. दुसरं काय नगं मला. पेपरात आलं की मानसं गप बसत्याल."

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो न्हाई. लिव."

"लिहितो."

लाल रेघेच्या बातमीची कचेरीत एक ठरलेली वाट असते. ती संबंधित खात्याकडे जाते, खातं खुलासा पाठवतं, खुलाशाची बातमी होते, ती पेपरांना जाते, छापून आली की हिरवी होते. म्हणजे लाल ही हिरवीची पहिली पायरीच म्हणायची. तिसऱ्या दिवशी खात्याचा खुलासा आला. बोरखिळा येथील वसतिगृह नियमित सुरू असून संबंधित मुलीचे नाव त्याच्या पटावर नाही. तिची आई तिला कोणत्याही देखरेखीविना सोडून परजिल्ह्यात गेली. सदर घटना आईच्या निष्काळजीपणामुळे घडली.

साहेबांनी कागद त्याच्याकडे दिला. सहादेव हलला नाही.

"साहेब, तिथं वसतिगृह सुरू नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझी भाची आहे ती."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटलं, त्याला खुर्चीत बसवलं, चहा मागवला. पोरगी कशी आहे विचारलं, डॉक्टरांना फोन करतो म्हणाले आणि खरंच केला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "हे बघा सहादेव, मला समजतं. पण सुरू नव्हतं असं म्हणायला आपल्याकडे काय आहे? कागद दाखवा एखादा."

सहादेवकडे कागद नव्हता.

साहेबांनी फाईल त्याच्याकडे फिरवली. खुलाशाला पुरावा जोडलेला होता. ऑक्टोबरमधली नऊ कात्रणं. जिल्ह्यात बासष्ट गावांत हंगामी वसतिगृहे सुरू. एकात सदतिसाव्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलीनं रेघ मारली होती. प्रत्येकावर त्याचा शिक्का, प्रत्येकाला त्याची हिरवी कड. किती सरळ रेघ होती एकेक, पट्टी न धरता.

"नऊ पेपर खोटं कसं लिहितील?" साहेब म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. आणि हीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती, की ते अगदी मनापासून बोलत होते. "तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या. मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो."

इथं तो उठून जाऊ शकला असता. 'ही बातमी मीच केली होती, हे आदेशबिदेश तुम्ही खोडलं होतं,' एवढी दोन वाक्यं बोलू शकला असता. कल्याणच्या दुकानात जाऊन पोत्यावर बसून सगळं सांगू शकला असता, त्यानं छापलं असतं. हे सगळं त्याला सुचलं, नाही असं नाही. पण स्टँडवर गाड्यांचे फलक वाचत बसावं आणि चढू नये एकाही गाडीत, तसं ते सगळं समोरून गेलं. जानेवारीला पंधरा-सतरा दिवस उरले होते. पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण इतकंच की समोर टाइप करायचा कागद होता आणि त्याचे हात कीबोर्डाजवळ होते.

"द्या," तो म्हणाला. "करतो."

एक गोष्ट मात्र त्यानं केली, ती त्याच्या पदरात टाकायला हवी. 'आई' जिथं जिथं होतं, तिथं तिथं त्यानं 'पालक' केलं. आणि 'निष्काळजीपणा' खोडून 'पुरेशी काळजी न घेतल्यामुळे' असं लिहिलं. यावर त्यानं अर्धा तास घालवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो टाइप करायच्या मजकुराकडे इतका वेळ बघत बसला. साहेबांनी वाचून मान हलवली, काही खोडलं नाही. सहादेवला थोडं हलकं वाटलं. राहीबाईचं नाव कुठंच आलं नाही, निदान 'आई' तरी आलं नाही, असा हिशेब तो सायकलवर घरापर्यंत मनात घोळवत गेला. मालनबाईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी गठ्ठा सोडला. नऊही पेपरांत होतं. पण पेपरवाल्यांनाही अधूनमधून स्वतःचं डोकं चालवावंसं वाटतं, आणि ते कधी चालवतात बघा. 'पालक' हा शब्द त्यांना मचूळ लागला असावा. एका मोठ्या पेपरानं ठळक मथळा दिला होता, 'आईनेच सोडले होते चिमुकलीला एकटे.' दुसऱ्यानं, 'माता न तू वैरिणी'. तिसऱ्यानं चौकट टाकून कुणा पुढाऱ्याचं म्हणणं घेतलं होतं, सरकार सगळं देतंय, पण आयांनाच पोरांची माया राहिली नाही. 'डोंगरकडा'च्या पाचव्या पानावर तळाला चार ओळी होत्या, पूर्वीच्या बातमीबद्दल दिलगिरी. खाली दारिद्र्य हटवल्याची सरकारी जाहिरात, पाव पान.

सहादेव कापत गेला. डकवत गेला. शिक्का, रेघ. शिक्का, रेघ. सगळ्या हिरव्या.

साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. राहीबाई दवाखान्यातून बोलत होती. मागं कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं.

"दादा, शेजारच्या खाटंवरच्या मानसानं पेपर वाचून दाखवला मला."

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. आता येईल. आता ती बोलेल.

"त्यात आलंय म्हनं, मीच टाकून गेले. वसतिगृह सुरूच हुतं, मीच नाव घातलं न्हाई." तिचा आवाज चिडका नव्हता. एखादी गोष्ट उशिरा समजलेल्या माणसाचा असतो, तसा होता. "रात्रभर मी गुरुजींला, सरकारला, समद्यांला शिव्या घातल्या. तुला बी घातल्या मनात, खोटं कशाला बोलू. पन माझंच चुकलं, दादा. नाव घालायला पायजे हुतं. तू तर सांगितलं हुतंस, सुरू झालंय. मी अडानी, मला वाटलं आपोआप हुतंय."

"राहे..."

"न्हाई, पेपरात आलंय ते. पेपरात तू हायीस, माझ्याबद्दल खोटं कसं येऊ देशील?" ती थांबली. "डाक्टर म्हनले, दोन बोटं सरळ व्हनार न्हाईत. लिवायचा हात हाय. मोठी झाल्यावर इचारील मला, आई, हे कसं झालं. मला काय तेवढं नीट सांगता येयाचं न्हाई. तर तेवढं कापून ठिव माझ्यासाठी. परवा जाताना घिऊन जाते. तिला दाखवीन, वाच म्हनून. काय चुकलं हुतं आईचं ते तिला तरी कळंल."

"ठेवतो," सहादेव म्हणाला.

फोन बंद झाला. फाईल साहेबांकडे न्यायला अजून पंचवीस मिनिटं होती. त्यानं शिपायाला पाठवून कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्या मोठ्या पेपरची आणखी एक प्रत मागवली. पान काढलं, घडी घातली, कात्री चालवली. बातमी नीट चौकोनी निघाली, मथळ्याला कुठं धक्का लागला नाही. कोऱ्या कागदावर त्यानं ती मधोमध डकवली, कडा हातानं दाबल्या, फुगा राहू दिला नाही. शिक्का मारला. पेपरचं नाव, तारीख, पान. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ ओढली. पेनाला टोपण लावलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हे फायलीसाठी नव्हतं.